हार्डडिस्क दिसत नाही म्हणजे ती गेली असे नव्हे

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर.

महोदय,

वळिवाचा वारा सुटतो, लाइट चार वेळा जाते-येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातला कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असे उमटते. सोलापुरात उन्हाळ्याची ही नेहमीची तक्रार. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून तिला एक जोड मिळाली आहे. लोक विंडोज ११ टाकायला बसतात आणि इन्स्टॉलर सांगतो, ड्राइव्हच सापडत नाही. दोन्ही वेळी कानावर एकच निदान पडते: ‘हार्डडिस्क गेली.’ उपायही ठरलेला. नवी डिस्क घाला, विंडोज टाका, जुना डेटा विसरा.

आम्ही याच कामात आहोत. हे निदान पुष्कळदा घाईचे असते, म्हणून हे पत्र. डिस्क न दिसण्यामागे सैल केबल, थकलेला एसएमपीएस (कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा डबा), बायोसमधले (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डातल्या मूळ प्रोग्राममधले) एखादे सेटिंग, मदरबोर्डावरचा बटण सेल किंवा विंडोजने नुसते न दिलेले ड्राइव्हचे अक्षर, यांपैकी काहीही असू शकते. आणि डेटा खरा जातो तो बिघाडाने कमी, त्यानंतरच्या अर्ध्या तासात ‘इनिशियलाइज’ (डिस्क कोरी समजून नव्याने मांडणे) किंवा ‘फॉरमॅट’वर केलेल्या क्लिकने जास्त. चादर-टॉवेलच्या कारखान्याचा टॅलीचा हिशेब असो, जेकार्डची डिझाइने असोत, पतसंस्थेची खाती असोत की मुलीच्या लग्नाचे फोटो, नवी डिस्क बाजारात मिळते, हे मिळत नाही.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्याआधी एवढे ठरवा, की डिस्क बायोसमध्ये दिसत नाही, का विंडोजमध्ये? पुढचा सगळा शोध या उत्तरावर अवलंबून आहे. कॉम्प्युटर सुरू होताच बहुतेक मदरबोर्डांवर डिलीट किंवा एफ२, डेलच्या मशीनवर एफ२, एचपीवर एफ१० किंवा एस्केप, लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ२ आणि थिंकपॅडवर एफ१ ही कळ दाबत राहिले की बायोस उघडते. तिथे ‘स्टोरेज’, ‘साटा कॉन्फिगरेशन’ किंवा ‘एनव्हीएमई’ अशा नावाखाली (साटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती) डिस्कचे मॉडेल आणि क्षमता दिसायला हवी. दिसली, तर वीज आणि केबल यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. दिसली नाही, तर विंडोज दहा वेळा टाकून काही होणार नाही. केबल सैल असताना विंडोज टाकत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बायोसमध्ये गेलाच आहात तर दोन गोष्टी उभ्या उभ्या पाहून घ्या. मागे यूएसबीत एखादा पेनड्राइव्ह राहिला आहे का? बूटच्या क्रमात तो वर असेल तर तेवढ्यानेही हा संदेश येतो. दुसरे, तारीख आणि वेळ. घड्याळ मागच्या एखाद्या वर्षात गेलेले असेल तर बटण सेल संपला. तो ‘सीआर २०३२’ असतो, तीन व्होल्टचा. घड्याळ चुकले एवढ्यावर त्याचे भागत नाही. सेल उतरला की पुष्कळ मदरबोर्ड, विशेषतः जुने, बायोसची सेटिंगे विसरून कारखान्यातल्या मूळ सेटिंगांवर जातात आणि त्यात साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, बदलतो. विंडोज एएचसीआय मोडमध्ये टाकलेले असेल आणि बायोस रेड किंवा आयडीईवर गेले असेल, तर निळा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) पडदा येऊन ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहून येते. डिस्क धडधाकट असते, डेटा जागच्या जागी असतो. सेल बदलायचा, मोड पूर्ववत करायचा, काम संपले.

आपल्याकडे हा सेल लवकर का उतरतो, तेही पाहण्याजोगे आहे. भिंतीतल्या प्लगची वीज चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डाला थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालते. रात्री दुकान वाढवताना मेन स्विच पाडायची आपली पद्धत आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ती योग्यच आहे, ती सोडा असे आमचे म्हणणे नाही. पण मग रात्रभराचा भार त्या इवल्याशा सेलवर येतो. अशा ठिकाणी तीन-चार वर्षांनी तक्रारीची वाट न पाहता सेल बदलावा. बायोसच्या साटा आणि बूटच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर पुढे कोणता मोड होता यावर वाद राहत नाही.

आता डिस्क बायोसमध्येच दिसत नाही, असे धरू. कॉम्प्युटर बंद करा, प्लग भिंतीतून काढा, पॉवरचे बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे साठलेली वीज उतरते. सीपीयूच्या डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत हात घाला. साध्या हार्डडिस्कला दोन केबली असतात: विजेची पंधरा पिनांची रुंद, आणि डेटाची सात पिनांची अरुंद, जी मदरबोर्डाला जाते. डेटाची केबल दोन्ही टोकांना आणि विजेची डिस्ककडच्या टोकाला काढून सरळ दाबून बसवा. दिवाळीत ब्लोअरने धूळ उडवल्यावर ‘कालपर्यंत चालू होता’ म्हणून जे कॉम्प्युटर येतात, त्यांतले बरेच एवढ्यानेच सुरू होतात. हवेच्या झोताने आणि हाताच्या धक्क्याने डेटाची केबल अर्धी निसटते, विशेषतः तिला पत्र्याची खिट्टी नसेल तर.

सुरू झाले नाही, तर बदल एका वेळी एकच करायचा. आधी डेटा केबल बदला, शंभर रुपयांच्या आसपास मिळते. मग तीच केबल मदरबोर्डावरच्या दुसऱ्या पोर्टला लावा. मग विजेचा कनेक्टर बदला. तिन्ही एकदम बदलले तर दोष कशात होता ते कळत नाही आणि आठवड्याने तोच प्रश्न परत येतो. साटा केबल वारंवार काढ-घाल करण्यासाठी केलेलीच नाही. तिचे कनेक्टर पन्नासेक वेळा जोडण्याइतपतच टिकावेत असे मानक आहे. काटकोनात करकचून वळवलेली, टायने आवळून बांधलेली केबल बाहेरून सुरेख दिसते आणि आतून तुटलेली असते. डिस्कवरच्या कनेक्टरची एल आकाराची प्लास्टिकची जीभ मोडलेली नाही ना, हेही बॅटरीच्या उजेडात पाहा. जीभ मोडली तरी पिना शाबूत असतात, पण केबल ठिकाणावर राहत नाही.

डिस्क फिरते आहे का, हे हाताला कळते. साडेतीन इंची हार्डडिस्कच्या कडेला बोट टेकवून दुसऱ्याला कॉम्प्युटर सुरू करायला सांगा. बारीक थरथर जाणवली आणि मग एकसारखी झाली, तर मोटर फिरते आहे. काहीच जाणवले नाही तर विजेकडे बघा. पिवळ्या वायरीत १२ व्होल्ट, लालमध्ये ५, नारिंगीत ३.३ आणि काळी म्हणजे ग्राउंड. मल्टिमीटरने जुन्या चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरवर मोजता येते. मुभा पाच टक्क्यांची, म्हणजे पिवळ्यावर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५. मोजणी भार असताना, म्हणजे कॉम्प्युटर चालू असतानाच करायची. हार्डडिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, पण अडीच इंची एसएसडीला (फिरणारे भाग नसलेल्या, चिपांच्या डिस्कला) फक्त ५ लागतात. म्हणून एकाच कॉम्प्युटरमध्ये एसएसडी दिसते आणि मोठी हार्डडिस्क दिसत नाही, असे झाले तर १२ व्होल्टची बाजू आधी तपासा. सुरू होताना मोटर सर्वांत जास्त वीज ओढते आणि दुबळा एसएमपीएस नेमका त्या क्षणी मान टाकतो. तो बिचारा डब्यावर ४५० वॉट लिहूनच घेतो, आतला माल पाहिला की कळते.

याच्या उलटा प्रकारही आहे, आणि विजेच्या झटक्यानंतर तो विशेष पाहावा. हार्डडिस्क जोडली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, पंखा एक गिरकी घेऊन थांबतो. डिस्कची केबल काढली की सगळे ठीक. अशा वेळी डिस्कच्या हिरव्या सर्किट बोर्डावर विजेच्या कनेक्टरजवळ असलेला संरक्षक डायोड झटका स्वतःवर घेऊन शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. तो त्यासाठीच बसवलेला असतो. आतल्या तबकड्यांना बहुधा काही झालेले नसते. जाणता कारागीर तो डायोड उतरवून डिस्क तात्पुरती चालू करतो आणि लगोलग डेटा काढून घेतो. त्यानंतर ती डिस्क वापरात ठेवायची नाही, कारण तिचे कवच गेलेले असते. मात्र ‘सेम मॉडेलचा बोर्ड आणून बदलू’ असे कोणी म्हणाले तर थांबा. आजच्या डिस्कच्या बोर्डावर आठ पायांची एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्याच डिस्कचे खास मोजमाप साठवलेले असते. ती जुन्या बोर्डावरून नव्यावर नेल्याशिवाय बहुतेक डिस्क चालत नाहीत.

इथेच एक इशारा देतो. ज्या एसएमपीएसच्या केबली दोन्ही बाजूंनी सुटतात, त्याची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. डिस्ककडचे टोक सगळ्यांचे सारखे असते, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी मात्र प्रत्येकाची वेगळी. कनेक्टर बसतो, बटण दाबले जाते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन सगळ्या डिस्क एकदम जळतात. जुन्या चार पिनांवरून साटा करणारे स्वस्तातले जोड घेतानाही, वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला जोड टाळा. तो आत शॉर्ट होऊन पेट घेतल्याची उदाहरणे जगभर आहेत.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, डेटा सेंटरमधून काढलेल्या मोठ्या डिस्क अलीकडे बरेच जण घेतात. त्या फिरतच नसतील तर लगेच परत पाठवू नका. त्यांतल्या काहींत विजेच्या कनेक्टरची तिसरी पिन डिस्क दुरून बंद करण्यासाठी वापरलेली असते. जुना एसएमपीएस त्या पिनेला सतत ३.३ व्होल्ट देतो, डिस्कला वाटते बंद राहायचा हुकूम आहे. त्या पिनेवर उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी लावली, किंवा ३.३ व्होल्टची वायरच नसलेल्या चांगल्या जोडातून वीज दिली, की ती फिरू लागते.

एम.२ च्या पट्टीवजा एसएसडीचे तंत्र निराळे. ती खाचेत तिरपी, अंदाजे तीस अंशांत घालायची, सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत, आणि मग खाली दाबून स्क्रू लावायचा. स्क्रूखालचा पितळी ठोकळा चुकीच्या भोकात असेल तर पट्टी कमानीसारखी वाकते आणि डिस्क कधी दिसते, कधी नाही. खरेदीआधी एवढे विचारा की खाच एनव्हीएमईची आहे, साटाची, की दोन्ही चालणारी. दिसायला सारख्याच असतात. फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या खाचेत साटाची एम.२ बसते, स्क्रूही लागतो, पण दिसत मात्र नाही. पट्टीच्या सोनेरी कडेला दोन काप असतील तर ती बहुधा साटाची, एक असेल तर बहुधा एनव्हीएमईची. तरी लेबल वाचणेच बरे.

आणि नव्या एसएसडीने जुनी हार्डडिस्क गायब झाली, तर घाबरू नका. अनेक मदरबोर्डांवर एम.२ ची खाच आणि साटाचे एक-दोन पोर्ट एकच वाट वाटून घेतात. एम.२ भरली की ते पोर्ट आपोआप बंद, बऱ्याचदा पाचवा आणि सहावा. मदरबोर्डाच्या मॅन्युअलमध्ये याचा तक्ता असतो. डिस्कची केबल पहिल्या किंवा दुसऱ्या पोर्टला हलवली की ती परत दिसते. पहिल्या दोन पोर्टांना पसंती देण्याचे आणखी एक, थोडे जुने कारण आहे. दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरबरोबर आलेल्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये) साटाचे चार पोर्ट काळाच्या ओघात झिजतात, असे खुद्द इंटेलने ३१ जानेवारी २०११ रोजी जाहीर करून माल परत बोलावला होता. पहिले दोन, म्हणजे वेगवान पोर्ट त्यातून सुटले होते. त्या काळातले कॉम्प्युटर आपल्याकडे बिलिंगच्या टेबलावर अजून इमानाने चालत आहेत. अशा जुन्या मशीनला जोडकार्ड घेऊन एनव्हीएमई लावली, तर विंडोज सुरू झाल्यावर ती डेटासाठी दिसेल, पण तिच्यावरून विंडोज सुरू करणे त्या बायोसला बहुधा जमणार नाही. तिथे साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी.

आता इन्स्टॉलरच्या तक्रारीकडे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आणि विंडोज यांच्यामध्ये ‘व्हीएमडी’ नावाचा एक पडदा असतो. बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्या पडद्याचा ड्रायव्हर नसला की यादी रिकामी येते. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर उतरवा. डाउनलोड झालेली इन्स्टॉल करायची फाइल तशीच देऊन चालत नाही, ती उलगडून आतल्या ‘आयएनएफ’ फाइल असलेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा लागतो. मग ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवला की डिस्क पुढे येते. दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा, तोही चालतो, पण कोऱ्या डिस्कवर नव्याने विंडोज टाकताना. आधीचे विंडोज व्हीएमडी चालू असताना टाकलेले असेल तर ते सुरू होणार नाही. मग पुन्हा चालू करायचे, डेटा कुठे जात नाही. आणि रेडमध्ये खरोखरच दोन-तीन डिस्क एकत्र बांधलेल्या असतील, तर त्या मोडला हातच लावू नये.

बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी आहे ना, ते बघा. विंडोज ११ च्या कितीतरी लॅपटॉपांत मालकाला पत्ता नसताना डिस्क कुलूपबंद झालेली असते आणि बायोस बदलले म्हणजे ही की मागितली जाते. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात असते. ते खाते दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिले असेल, तर पंचाईत झाली समजा.

डिस्क बायोसमध्ये आहे, विंडोज दुसऱ्या डिस्कवरून सुरूही होते, पण ‘धिस पीसी’मध्ये डी किंवा ई नाही, अशी तक्रार असेल तर विंडोज आणि एक्स या कळा एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. निळी पट्टी आणि ‘हेल्दी’ दिसते, फक्त अक्षर नाही, तर उजवे क्लिक करून अक्षर द्या. ‘ऑफलाइन’ असेल तर ‘ऑनलाइन’ करा. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून दोन्ही एकत्र लावल्या की दोघींची सही सारखी ठरते आणि विंडोज त्यांतली एक ऑफलाइन ठेवते. ‘नॉट इनिशियलाइज्ड’ आणि ‘रॉ’ हे दोन शब्द मात्र धोक्याचे. डिस्क कोरी, नुकती पाकिटातून काढलेली असेल तर खुशाल इनिशियलाइज करा, आणि दोन टीबीहून मोठी असेल तर जागेची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धतींपैकी ‘जीपीटी’ निवडा, कारण ‘एमबीआर’ला त्यापुढची जागा वापरता येत नाही. पण ज्या डिस्कवर कालपर्यंत डेटा होता ती आज इनिशियलाइज करायला सांगत असेल, तर खिडकी बंद करा, कॉम्प्युटर बंद करा. ‘फॉरमॅट करायचे का?’ या प्रश्नालाही उत्तर ‘कॅन्सल’. अशी डिस्क बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढून आत जोडलेली असेल, तर आधी परत त्याच डब्यात घालून पाहा. काही डबे जागेची मोजणी आपल्या पद्धतीने करतात, काही सगळा डेटा कुलूपबंद करूनच लिहितात. थेट जोडली की तीच डिस्क कोरी भासते.

खरोखर आजारी डिस्क ओळखायला ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत साधन पुरते. त्यात पाच, १९७ आणि १९८ क्रमांकांच्या ओळी (पडद्यावर त्या 05, C5 आणि C6 अशा दिसतात) पाहायच्या. पाच म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा, १९७ म्हणजे वाचता न येणाऱ्या व निकालाची वाट पाहणाऱ्या जागा. १९७ वाढत असेल तर घाई करा. १९९ चा (पडद्यावर C7) आकडा मोठा असेल तर दोष बहुधा केबलचा. हा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, नुसता वाढायचा थांबतो, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि आठवड्याने ताडून बघा. या साधनात उजवीकडचे कच्चे आकडे मुळात दहाऐवजी सोळाच्या मोजणीत (हेक्साडेसिमल) येतात, १० दिसले तर ते सोळा असतात. सेटिंगमध्ये दशमान करून घ्यावे, नाहीतर ग्राहक आणि कारागीर दोघेही चुकीच्या आकड्यावर भांडतात.

अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’ हे विंडोजचे डिस्क तपासायचे साधन चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहिते आणि मरत्या डिस्कला शेवटचा हेलपाटा घालायला लावते. आधी तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क घेऊन लिनक्सवरच्या ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण प्रत काढायची. ते सोपा भाग आधी उचलते, अडलेला भाग नंतरसाठी ठेवते आणि नोंदवहीची फाइल दिली असेल तर मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू होते. जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक येत असेल, किंवा मोटर न फिरता बारीक बीप येत असेल, तर तीही मुभा नाही. वीज काढा आणि धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे पाठवा. झाकण उघडणे, टपली मारणे, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवणे, हे मोबाइलवरच्या व्हिडिओंतले उपाय उरलीसुरली आशा संपवतात.

एसएसडी बिघडताना आवाज करत नाही. अचानक लाइट गेल्यावर ती बायोसमधून नाहीशी झाली असेल तर एक बिनखर्ची उपाय आहे. डेटा केबल काढून फक्त वीज द्या, कॉम्प्युटर चालू करून २०-३० मिनिटे तसाच ठेवा, अर्धा मिनिट वीज तोडा, पुन्हा तेवढाच वेळ द्या, आणि मग डेटा केबल जोडा. कोणता डेटा कुठे आहे याचा अर्धवट राहिलेला आतला नकाशा कंट्रोलरला (एसएसडीतल्या मुख्य चिपला) या वेळात जुळवता येतो. लॅपटॉपमध्ये केबल वेगळी काढता येत नाही, तिथे चार्जर लावून बायोसच्या पानावरच तेवढा वेळ थांबावे. हा उपाय नेहमी लागू पडतो असे नाही, पण निदान नुकसान करत नाही. एसएसडीचे नाव बदलून ‘साटाफर्म एस११’ असे काहीतरी येत असेल किंवा क्षमता शून्य, नाहीतर चार-दोन एमबी दिसत असेल, तर तिचे फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा आतला प्रोग्राम, कोलमडले आहे. हे हार्डडिस्कलाही चुकलेले नाही. सीगेटच्या ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क २००९ च्या सुमारास फर्मवेअरच्या चुकीने बायोसमधून गायब व्हायच्या आणि आतला डेटा मात्र जसाच्या तसा असायचा.

शेवटी विजेबद्दल, कारण सोलापुरात मुळाशी बऱ्याचदा तीच असते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ‘एवढे चालायचेच’ म्हणू नका. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरची गळती अर्थिंगवाटे जायला हवी, ती वाट बंद आहे असा त्याचा अर्थ. मे महिन्यात जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. त्यात पाणी घालणे हे कॉम्प्युटरच्या देखभालीतच मोजा. प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर मागची कळ ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते पाहा. चांगला एसएमपीएसही पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंदच दम धरतो, साध्या मोडवर इन्व्हर्टर वीज बदलायला त्याहून जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्यात डिस्क लिहिता लिहिता बंद पडते. टेबलाखालच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-तीन वर्षांची सोबतीण. लाइट गेल्या क्षणी यूपीएसही शिट्टी न वाजवता गेला तर तो निव्वळ एक्स्टेन्शन बोर्ड झाला आहे.

उष्णतेचेही तसेच. खोली ४२ अंशांवर असताना बंद डब्यातली हार्डडिस्क सहज ५५ गाठते, आणि बऱ्याच डिस्कना कंपनीनेच ६० ची मर्यादा घातलेली असते. शहराच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागाशेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा अक्षरशः नमदा बसतो. तो दर महिन्याला बोटाने ओढून काढावा. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याची पाती धरून ठेवा, आणि नंतर केबली पुन्हा दाबून बघा.

ग्राहकांना आमचे सांगणे एवढेच, की डिस्क दुरुस्तीला देताना तिच्या लेबलवरचा सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या आणि ‘फॉरमॅट करू नये’ हेही लिहून घ्या. ‘गेली’ असे सांगितले तर बायोसमध्ये दिसते का, दुसरी केबल आणि दुसरा पोर्ट लावून पाहिला का, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहिली का, हे तीन प्रश्न विचारा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यातला डेटा मिळत नाही, आणि जुनी डिस्क परत येत नाही. म्हणून डेटा हवा असेल तर वॉरंटीत पाठवण्याआधी तो काढून घ्या. वॉरंटीबाहेरची जुनी डिस्क मात्र, चालो वा न चालो, दुकानातून परत मागून घ्या. आणि आमच्या व्यवसायबंधूंना विनंती, की तपासणीचे पैसे वेगळे घ्या, ते घेण्यात संकोच कशाला, पण केबल न बदलता नवी डिस्क विकू नका.

आपले,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक,
सोलापूर